मामाचं आठवं घड्याळ

बाजारात बोलवा अशी की मामाचा कंपनीत माणूस आहे. कॉम्प्युटरचे प्रोसेसर बनवणाऱ्या दोन बड्या कंपन्यांपैकी थोरलीच्या मुख्य कचेरीत, पार वरच्या मजल्यावर, म्हणे मामाचा बाकावरचा शाळासोबती बसतो आणि भाव पडायच्या आधी पंधरा दिवस मामाच्या कानात फुंकतो. शेजारच्या गाळ्यात प्रिंटरमध्ये शाई भरून देणारा आहे, तो तर फोनची वेळही सांगतो: दुपारी दीड, मामा डब्याचं झाकण उघडत असताना. या शाईवाल्याने त्या साहेबाला जन्मात पाहिलेलं नाही, तरी साहेबाला टक्कल आहे हे तो छातीवर हात ठेवून सांगतो.

आता खरं काय ते. ती कंपनी कोणत्या देशात आहे हे मामाला नीटसं ठाऊक नाही. त्याचा बाकावरचा सोबती गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो. टक्कल मात्र आहे. दुपारी दीडचा फोन माझ्या आईचा असतो. ती मामाची थोरली बहीण, आणि 'जेवलास का' यापलीकडे तिने आजवर कुठलीही गुप्त बातमी फोडलेली नाही. मामाकडे माणूस नव्हता. मामाकडे घड्याळं होती.

इलेक्ट्रॉनिक्स मार्केटच्या तळघरात, जिन्याखाली, त्याचा गाळा आहे. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने श्वास घ्यायला बाहेर जावं, एवढा. तिथे बसून तो सुटे भाग जोडून कॉम्प्युटर तयार करून देतो. मागच्या भिंतीवर ओळीने सात घड्याळं, सगळी एका जातीची: गोल, प्लास्टिकची, मधोमध थोरल्या कंपनीचं चिन्ह. सगळी बंद, कारण त्यांचे सेल मामा काढून आपल्या माउसमध्ये घालतो. प्रत्येकाखाली चिकटपट्टीने लावलेली एक चिठ्ठी, चिठ्ठीवर एक तारीख. मोठ्या हॉटेलांत काउंटरमागे देशोदेशीच्या वेळा दाखवणारी घड्याळं असतात ना, तसा थाट. फक्त वेळ कुठलीच नाही.

ही घड्याळं आणून देणारा म्हणजे होलसेलरचा सेल्समन. बाजारात त्याला खडीसाखर म्हणतात. एरवी हा इसम तळघराच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. माल कमी असला, भाव चढणार असला की फोन उचलत नाही. चुकून उचललाच तर 'बघतो, सांगतो' म्हणून ठेवून देतो. पण भाव पडणार असला की होलसेलरला त्याआधी आपलं गोदाम रिकामं करायचं असतं. मग खडीसाखर पायऱ्या उतरतो, काखेत घड्याळ, तोंडात 'दादा'. दादा, तुमच्यासाठी खास ठेवलाय माल. दादा, घड्याळ वहिनींना आवडेल. मामाचं लग्न झालेलं नाही हे त्याला सात घड्याळांत कळलेलं नाही.

तिसऱ्या घड्याळाच्या वेळी मामाच्या डोक्यात उजेड पडला. त्याने एक वही केली. डावीकडे घड्याळ आलं ती तारीख, उजवीकडे भाव पडला ती तारीख, तीच चिठ्ठीवरही. मधलं अंतर कधी अकरा दिवस, कधी अठरा; तीन आठवड्यांच्या वर कधी नाही. एवढंच गुपित. ते भिंतीवर उघडंवाघडं टांगलेलं होतं, आणि सगळा बाजार त्याच्याखाली उभा राहून टकल्या साहेबाबद्दल कुजबुजत होता. मामाने कुणाचा गैरसमज दूर केला नाही. मूर्खांना खरं सांगायचं त्याच्या जिवावर येतं.

बाजाराने त्याचं नाव ठेवलंय 'पुढचामहिना'. विकायला बसलेल्या या माणसाच्या तोंडून गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य तेच: पुढच्या महिन्यात घ्या. ते म्हणायची त्याची एक रीत आहे. आधी जिभेने दाढेतलं काहीतरी शोधायचं. मग गिऱ्हाइकाच्या चपलांकडे बघायचं. मग नाकातून एक 'हं'. आणि मग, समोर गिऱ्हाईक नसून नुसती खुर्चीच ठेवलीय अशा आवाजात, पुढच्या महिन्यात घ्या. गिऱ्हाईक जातं. पुढच्या महिन्यात ते परत येतं असं नाही, पण मामाला त्याचं सोयरसुतक नसतं. आपण खरं बोललो, आता मरा तिकडे, हा त्याचा धंदा.

एकदा एक गृहस्थ आले आणि सोळा कोअरचा प्रोसेसर मागू लागले. कोअर म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली डोकी. जितकी जास्त, तितकी कामं एकदम. मामाने विचारलं, करता काय त्याच्यावर. गृहस्थ आपल्या इमारतीच्या पाण्याच्या पावत्या टाइप करत असत, महिन्यातून एकदा.

"सोळा डोकी यात आहेत," मामा म्हणाला. "वापरायला एक तरी घेऊन या."

गृहस्थ तणतणत वर गेले आणि वरच्या शोरूममधून सोळा कोअरचाच घेऊन बाहेर पडले, वर रंगीत दिवे लावलेला पंखा फुकट. पावत्या आता दिव्यांच्या उजेडात टाइप होतात.

कंपन्यांनाही मामा सोडत नाही. दोघींना तो जावा म्हणतो, एका स्वयंपाकघरात नांदणाऱ्या. थोरली आधी आली, किल्ल्या तिच्या कमरेला. वर्षानुवर्षं कालचंच कालवण ती नव्या भांड्यात वाढत राहिली आणि भाव मात्र वाढवत राहिली. धाकटीला कुणी विचारत नव्हतं, म्हणून ती हात सैल सोडून वाढायची: ती चार डोकी देते ना, मी सहा देते, घ्या. लोक धाकटीकडे वळले की थोरली दोन दिवस फुगून बसायची आणि तिसऱ्या दिवशी गुपचूप भाव उतरवायची. मग धाकटीचे पाय जमिनीला लागेनात. तीही किल्ल्या वाजवायला शिकली. मामाला दोघींचा सारखाच तिटकारा. त्याचं म्हणणं एकच: त्या गोडीगुलाबीने राहायला लागल्या की समजा आपलं मरण आलं. भांडतात तोवर आपल्याला स्वस्त.

हीच अक्कल त्याने लग्नाच्या वेळी चालवली. स्थळ बघून आला की म्हणायचा, थांबू जरा. आईच्या हिशेबी दोन चांगली स्थळं हातची गेली. आता मामा सेहेचाळिसाचा आहे. भाव उतरला, पण त्याचाच.

वर ज्या शोरूमचा उल्लेख आला ते माझ्या बाबांचं. मामाच्या बरोबर डोक्यावर, तळमजल्यावर, काचेचं, थंडगार. बाबांचा घरातला आवाज एक आणि शोरूममधला दुसरा. शोरूममध्ये ते 'सर' हा शब्द साताठ अक्षरांचा असल्यासारखा म्हणतात, आणि 'फ्युचरप्रूफ' म्हणताना डोळे मिटून घेतात, जणू काही भविष्य त्यांना आतून दिसतंय. कामाला पाच माणसं, पाचही नारिंगी टी-शर्टात, पाठीवर छापलेलं: 'मी तुम्हाला काय मदत करू?' गिऱ्हाइकाने काही विचारलं की पाचही जण एकमेकांच्या पाठी वाचतात.

बाबांना मामाचा गाळा कित्येक दिवस खुपत होता. आपण वर विकतो आणि आपला सख्खा मेहुणा खाली बसून घेऊ नका म्हणून सांगतो, हे त्यांना चारचौघांत शोभत नव्हतं. त्यात सगळे लॅपटॉप घ्यायला लागल्यापासून मामाकडे आठवड्याला एखादं मशीन जोडायला यायचं, म्हणून आईला भावाची काळजी. शेवटी आमच्या जेवणाच्या टेबलावर विषय निघाला. गावाबाहेरच्या तंत्रशाळेला चाळीस कॉम्प्युटर हवे होते, नवं सत्र सोळा तारखेला सुरू होणार होतं, आणि तिथल्या प्राचार्यबाईंनी दोघांकडूनही भाव मागवले होते. बाबा म्हणाले, यावरच होऊन जाऊ दे. ऑर्डर मामाला मिळाली तर गाळ्याबद्दल आपण पुन्हा अवाक्षर काढणार नाही. आपल्याला मिळाली तर महिनाअखेरीला मामाने खाली कुलूप घालायचं आणि वर येऊन नोकरीला लागायचं.

मामा कबूल झाला. बाबांनी लगोलग सहावा टी-शर्ट करून घेतला, मामाच्या मापाचा, पोटाकडे जरा सैल. आईने तो इस्त्री करून कपाटात ठेवला. घरी आला की मामाची नजर त्या कपाटाकडे जायची आणि जेवताना तो पाठ वळवून बसायचा. त्याला उपाशी राहायची भीती नव्हती. त्याला त्या पाठीवरच्या वाक्याची भीती होती. सव्वीस वर्षांत तळघरात त्याने एकालाही सर म्हटलं नव्हतं.

मी टी-शर्टाच्या बाजूने पैज लावली. मामा तो घालणार, मी म्हटलं. जिंकले तर टी-शर्टातला त्याचा फोटो मला काढू द्यायचा. हरले तर मी येता-जाता करते ती त्याची नक्कल वर्षभर बंद, कुणाहीसमोर, एका शब्दाचीसुद्धा. मामाने दाढेत जीभ फिरवली आणि हं म्हणाला.

प्राचार्यबाई अंबाड्यात पेन्सिल खोचणाऱ्या होत्या आणि कमी बोलणाऱ्या. बाबांनी त्यांना बारा पानी रंगीत पुस्तिका दिली, त्यात दोन पानं नुसती बाबांच्या फोटोंची. मामाने पुठ्ठ्याच्या खोक्याचं एक झाकण फाडून त्यावर तीन ओळी लिहून दिल्या. एक, वरच्या शोरूमच्या आकड्यापेक्षा जास्त कधीच घेणार नाही. दोन, मशीन बसवीन त्या दिवशी प्रोसेसरचा छापील भाव असेल तोच लावीन. तीन, पंधराच्या संध्याकाळी पाचपर्यंत चाळीसच्या चाळीस मशीन चालू नसली तर ऑर्डर वर द्या. बाईंनी झाकण उलटून मागची बाजूही बघितली. मग पेन्सिल काढून खाली सही केली. त्यांचं काही जात नव्हतं. जाणार होतं ते मामाचं.

मामाने हे सगळं कशाच्या जोरावर लिहिलं? एक तारखेला सकाळी खडीसाखर पायऱ्या उतरून आला होता. काखेत आठवं घड्याळ. दादा, या वेळी स्कीम अशी आहे की पन्नास उचला आणि वहिनींना घेऊन चार रात्री समुद्रकिनारी. मामाने घड्याळ घेतलं, सेल काढला, खिळ्याला अडकवलं आणि एकही प्रोसेसर घेतला नाही. खडीसाखर गेल्यावर मात्र त्याने फोन करून चाळीस मदरबोर्ड मागवले.

कारण साधं आहे, पण बाजारात ते मामाखेरीज कुणाच्या डोक्यात येत नाही. भाव पडला की सगळे प्रोसेसरवर तुटून पडतात. आणि प्रोसेसर घेऊन कुणी चाटत बसत नाही, त्याला बसायला बोर्ड लागतो. दोन दिवसांत बाजारातले बोर्ड साफ. म्हणून बोर्ड आधी उचलायचे, प्रोसेसर नंतर.

चाळीस बोर्ड खाली उतरताना शाईवाल्याने पाहिले आणि तो वर जाऊन बाबांच्या कानाला लागला. आता बाबांचं बघा. त्यांना मामाची एकही गोष्ट पटत नाही. फक्त एक पटते, आणि नेमकी तीच खोटी. टकल्या साहेबावर त्यांचा पूर्ण विश्वास. मेहुण्याने बोर्ड भरले, म्हणजे साहेबाचा फोन आला. फोन आला आणि हा पठ्ठ्या थांबा न म्हणता माल भरतोय, म्हणजे भाव चढणार. तीन तारखेला बाबांनी खडीसाखरेला बोलावून पन्नास प्रोसेसर उचलले. वर सहल. घरी येऊन त्यांनी आईला पोहण्याचा चष्मा दाखवला. आईला पोहता येत नाही.

मग काहीच झालं नाही. पाच तारीख गेली, सात गेली, नऊ गेली. आठव्या घड्याळाखाली चिठ्ठी नव्हती, आणि येता-जाता लोक तिकडे बघत. बाजारात नवी बोलवा निघाली की साहेबाची बदली झाली. कुणी म्हणालं निवृत्त झाला. शाईवाला तर मामाला दुखवट्याला आल्यासारखा भेटून गेला. मामा वही उघडून बसायचा, बोटाने अंतरं मोजायचा, अकरा, अठरा, चौदा, आणि त्याला पहिल्यांदाच वाटून गेलं की सात घड्याळं म्हणजे काही फार नव्हेत. दुपारी दीडला आईने 'जेवलास का' विचारलं तर हो म्हणायचा. डबा तसाच घरी जायचा.

अकरा तारखेला धाकटीने नवा प्रोसेसर काढला: थोरली चार डोकी देते त्या भावात सहा. थोरलीला या वेळी दोन दिवस फुगायलाही सवड मिळाली नाही. बारा तारखेला सकाळी तिचा भाव एक पंचमांशाने खाली. मामाने चिठ्ठी लिहिली, चिकटवली, मागे सरकून बघितली. दहा वाजेपर्यंत वरच्या शोरूमच्या पायऱ्यांवर बाबा स्कीमचा कागद घेऊन उभे होते. एरवी भाव पडला तर व्यापाऱ्याकडे पडून असलेल्या मालावरचा फरक होलसेलर भरून देतो. या कागदावर अगदी खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की सहलीच्या स्कीममधल्या मालाला ही भरपाई नाही. बाबांनी तो कागद त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. सहलीचं पान त्यांनी पाठ केलं होतं.

मामाने खडीसाखरेला फोन लावला. चाळीस प्रोसेसर, आजच्या भावाने. फोन उचलला गेला नाही. दुसऱ्यांदा नाही. चौथ्यांदा उचलला, आणि पलीकडून थंड आवाज आला: "बघतो, सांगतो." दादा वगैरे काही नाही.

मामाचं हसू तिथेच आटलं. वहीत भाव कधी पडतो ते होतं. पडल्यावर माल मिळतो का, ते वहीत नव्हतं. असणार कुठून? सव्वीस वर्षं लोकांना थांबवून थांबवून त्याने भाव पडल्यावर कधी दोन-चाराच्या वर घेतलेच नव्हते. आता सगळ्या शहराला हवे होते आणि गोदाम रिकामं होतं. ते रिकामं करायलाच तर घड्याळ आलं होतं. धाकटीचे घ्यावेत तर तिचे बोर्ड वेगळे. एका जावेच्या भांड्यावर दुसरीचं झाकण बसत नाही. पंधरा तारखेला तीन दिवस उरले होते. खाली चाळीस बोर्ड, प्रोसेसर शून्य. वर पन्नास प्रोसेसर, आणि बाजारात बोर्ड शून्य.

त्या संध्याकाळी मामा आमच्याकडे जेवायला आला. शेवटी आईच म्हणाली की एकाच इमारतीत हे काय चाललंय, त्याचे चाळीस याला द्या आणि मोकळे व्हा. बाबा म्हणाले, देतो की, मी घेतले त्या भावाने नेऊ दे. मामा ताटाकडे बघून म्हणाला, आजच्या भावाने. बाबा पाणी प्यायले. हा बोर्ड उराशी धरून किती दिवस बसतो ते बघूच, आपल्याला घाई नाही, आपण थांबतो, असं ते आईला उद्देशून म्हणाले. कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं आणि फटीतून नारिंगी दिसत होतं.

बाबांचं चुकत नव्हतं, हेच वाईट होतं. मामाजवळ थांबायला काही उरलं नव्हतं. तेरा तारखेला त्याने शहरातल्या नऊ दुकानांत फोन केले आणि नऊ जणांची 'पुढच्या आठवड्यात बघा' अशी उत्तरं ऐकली. आपण लोकांना हेच सांगतो तेव्हा त्यांना कसं वाटत असेल, हा विचार त्याच्या मनात आला असेल तर त्याने तो बोलून दाखवला नाही. पण तिकडे धाकटीला थोरलीचा राग आला होता. तिने तेराच्या सकाळी आपला भाव आणखी पाडला, आणि संध्याकाळी थोरलीने दात-ओठ खात पुन्हा आपला. बाबा एक दिवस थांबले आणि आणखी एक दशांश खाली गेले.

चौदाच्या सकाळी तळघराच्या जिन्यावर बुटांची करकर ऐकू आली. शोरूम काढल्यापासून नऊ वर्षांत बाबा पहिल्यांदा खाली उतरत होते. शाईवाल्याने हातातली बाटली खाली ठेवली. बाबा गाळ्याच्या तोंडाशी उभे राहिले, आठही घड्याळं एकेक करून वाचली, आणि बहुधा तेव्हाच त्यांना साहेबाचं टक्कल म्हणजे ही गोल घड्याळंच, हे कळलं.

"बाराचा भाव दे," बाबा म्हणाले.

"आजचा," मामा म्हणाला.

"अरे, बारा तारखेला तूच मागत होतास तो."

"दाजी, तेव्हा तुम्ही थांबलात."

मामाचा आवाज नेहमीसारखाच होता, खुर्चीशी बोलल्यासारखा. पण काउंटरखाली त्याच्या बोटांनी वहीचं एक पान कुरतडून कुरतडून त्याचा चुरा केला होता. बाबा आणखी एक दिवस थांबले असते तर टी-शर्ट ठरलेला होता. झाकणावरची ती तिसरी ओळ मामाला ठाऊक होती आणि बाबांना नव्हती. बाबांना वाटत होतं की हा माणूस आणखी महिनाभरही असाच बसेल. सव्वीस वर्षं त्याने दुसरं काही केलंच नव्हतं. 'उद्या आणखी पडला तर,' असं बाबा स्वतःशी पुटपुटले, आणि मग त्यांनी वर फोन करून सांगितलं की चाळीस डबे खाली पाठवा.

मी तिथे हसायला गेले होते. टी-शर्ट पिशवीत बरोबर घेतला होता, फोटोसाठी. मामाने पहिला डबा उघडला, हात पँटला पुसले, प्रोसेसर कडांनी उचलला. ज्या वस्तूला तो दिवसभर शिव्या घालतो ती त्याने झोपलेल्या बाळासारखी बाहेर काढली. कोपऱ्यातला बारीक सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवला, जोर न लावता सोडला, दांडी खाली केली. वर उष्णता ओढून घेणारी वाटाण्याएवढी पेस्ट, वर पंखा, चार स्क्रू, समोरासमोरचे आधी. दुसरा डबा. तिसरा. मध्ये एकदा आईचा फोन आला. जेवलास का. मामा नाही म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. खरं बोलायचं त्याला त्या पंधरवड्यात तेव्हा पहिल्यांदा जमलं.

पंधरा तारखेला पाचला वीस मिनिटं कमी असताना तंत्रशाळेच्या खोलीत चाळीस पंखे एका सुरात घुमत होते. प्राचार्यबाई टेबलांमधून फिरल्या, प्रत्येक पडद्याला पेन्सिलीने टिचकी मारल्यासारखं करत. मग त्यांनी मामाकडे त्याचं ते पुठ्ठ्याचं झाकण परत दिलं. खाली दुसरी सही होती आणि आकडा बाबांच्या पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा बराच कमी होता. बाई म्हणाल्या की पुढच्या वेळी कागदावर लिहिलंत तरी चालेल.

सहल झाली. आई म्हणते समुद्र छान होता. बाबा चारही दिवस पाण्याकडे पाठ करून फोनवर भाव बघत बसले होते, आणि तो पाचव्या दिवशी चढला. उरलेले दहा प्रोसेसर त्यांनी चौथ्या दिवशी विकून टाकले होते.

टी-शर्ट मामाने मागून घेतला आणि कात्रीने त्याचे चार तुकडे केले. सांडलेली पेस्ट पुसायला सुती कापड चांगलं, म्हणाला. एका तुकड्यावर आता फक्त 'काय मदत' एवढंच वाचता येतं. शाईवाला बाजारभर सांगत सुटलाय की साहेबाची बढती झाली.

पण त्या सगळ्याआधी, सोळा तारखेला, माझी शाळा सुटल्यावर मी तळघरात गेले. पैजेला साक्षीदार आई होती, त्यामुळे पळवाट नव्हती. मामा नवव्या घड्याळासाठी भिंतीत खिळा ठोकत होता. मी जरा इकडचं तिकडचं बोलले, आणि मग शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं की नक्कल बंदचं वर्ष पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून धरलं तर हिशेबाला बरं पडेल, नाही का.

मामाने दाढेत जीभ फिरवली. माझ्या चपलांकडे बघितलं. नाकातून हं केलं.

"आजपासून," तो म्हणाला.